दीर्घिकेला ताप का येतो?

ताप हा आजार नव्हे, लक्षण आहे. हे वाक्य वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वॉर्डात पाऊल टाकल्या दिवसापासून ऐकावे लागते. थर्मामीटर १०३ दाखवतो तेव्हा अंग तापले आहे एवढेच तो सांगतो. मलेरिया की टायफॉइड, डेंग्यू की लघवीच्या मार्गातला संसर्ग, हे पाऱ्याला ठाऊक नसते. त्यासाठी रक्त काढावे लागते आणि रिपोर्टची वाट पाहावी लागते. खगोलशास्त्रज्ञांवर असाच प्रसंग १९८३ मध्ये आला. फरक इतकाच, की त्यांचा रुग्ण २५ कोटी प्रकाशवर्षे दूर होता आणि त्याचे रक्त काढण्याची सोय नव्हती.

त्या वर्षी जानेवारीत अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून ‘आयरास’ नावाची दुर्बीण अवकाशात सोडली. तिचा आरसा जेमतेम ५७ सेंटिमीटरचा. पण ती पाहत होती अवरक्त किरणांत, म्हणजे तांबड्या रंगाच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात. द्रवरूप हेलियममध्ये गारठवून ठेवलेल्या या दुर्बिणीने हेलियम संपेपर्यंत, म्हणजे साधारण दहा महिने, आकाशाचा ९६ टक्के भाग चाळून काढला. या चाळणीत काही विलक्षण दीर्घिका सापडल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ‘आर्प २२०’. हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये वेड्यावाकड्या आकाराच्या दीर्घिकांचा संग्रह प्रसिद्ध केला होता, त्यातली ही २२० वी. साध्या दुर्बिणीतून पाहिले तर एक विस्कटलेला, मळकट ठिपका. कोणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये असा. अवरक्तात मात्र ती एक लाख कोटी सूर्यांहून अधिक तेजाने धगधगत होती. थोडक्यात, दीर्घिकेला सणसणून ताप होता.

ताप कशाचा, याची दोन उत्तरे संभवत होती. आर्प २२० म्हणजे खरे तर एकमेकींत मिसळत चाललेल्या दोन दीर्घिका. अशा टकरीत वायू केंद्राकडे कोसळतो, दाटतो आणि त्यातून ताऱ्यांचे पीकच येते. या नवजात ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने भोवतालची धूळ तापते आणि अवरक्तात उजळते. हे झाले पहिले उत्तर. दुसरे असे, की केंद्राकडे कोसळणारा तोच वायू तिथल्या महाकाय कृष्णविवराच्या तोंडी जातो. गिळला जाण्याआधी तो लाखो अंशांपर्यंत तापतो, प्रचंड प्रकाश टाकतो आणि त्या प्रकाशानेही भोवतालची धूळ तापते. धुळीला कोणी तापवले याची तिला फिकीर नसते. ती प्रकाश गिळते, गरम होते आणि स्वतःच्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. मूळ दिव्याची ओळख या देवघेवीत बरीचशी पुसली जाते.

हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांच्या आपसातल्या वादापुरता नाही. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. या काळात तारे कधी, किती आणि कोणत्या वेगाने जन्मले, हा विश्वाच्या इतिहासातला अगदी मूलभूत हिशेब आहे. आपल्या रक्तातले लोह, हाडांतले कॅल्शियम, श्वासातला ऑक्सिजन हे सगळे ताऱ्यांच्याच पोटात शिजलेले. तेव्हा हा हिशेब म्हणजे एका अर्थाने आपल्याच मालमसाल्याची नोंदवही. ती भरताना दोन चुका होऊ शकतात. घरी झालेली बाळंतपणे नोंदवलीच गेली नाहीत तर जन्मदर खोटाच कमी दिसतो. धुळीआड जन्मलेले तारे मोजले नाहीत तर तेच होते. ही चूक लहान नाही. ‘कोबे’ या उपग्रहाच्या मोजणीतून १९९० च्या दशकात कळले, की दीर्घिकांनी आजवर टाकलेल्या प्रकाशापैकी साधारण निम्मा धुळीने गिळला आणि तो अवरक्ताच्या रूपात विश्वभर पसरला आहे. निम्मी बाळंतपणे नोंदवहीबाहेर! दुसरी चूक उलट दिशेची. कृष्णविवराचा उजेड ताऱ्यांच्या खात्यावर टाकला तर न जन्मलेल्या बाळांचेही दाखले निघतात.

तारे धुळीआड का जन्मतात? कारण त्यांना जन्मायला थंडावा लागतो. हायड्रोजनचे विशाल ढग शून्याखाली अडीचशे-दोनशे साठ अंशांपर्यंत गार होतात, तेव्हाच त्यांच्यातला वायू स्वतःच्या भाराने आकसू शकतो. आणि त्या ढगांना गार ठेवायला धुळीची सावली लागते. धूळ म्हणजे आपल्या रस्त्यावरची नव्हे. वाळूसारखी सिलिकेटे आणि काजळीसारखा कार्बन यांचे अतिसूक्ष्म कण, आकाराने मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणून तो या कणांत सहज अडकतो. अवरक्ताची तरंगलांबी जास्त, म्हणून तो बराचसा निसटून बाहेर येतो.

हे तत्त्व कोविडच्या काळात लोकांनी आपापल्या घरी वापरलेले आहे, फक्त त्याचे नाव माहीत नव्हते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये दोन दिवे असतात. एक तांबडा, ६६० नॅनोमीटरचा. दुसरा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. दोन्हींचा प्रकाश मांसातून आरपार जातो. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन अवरक्त जास्त शोषते, ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन तांबडा जास्त शोषते. दोन्हींच्या गुणोत्तरावरून यंत्र ९७ किंवा ८४ हा आकडा सांगते. बोट कापायला नको, रक्त काढायला नको. दोन तरंगलांबींची तुलना करून आतल्या पदार्थाची अवस्था ओळखायची, ही वर्णपटशास्त्राची अगदी धाकटी आवृत्ती. दीर्घिकांच्या बाबतीत दोनाऐवजी हजारो तरंगलांबी मोजतात, एवढेच.

अवरक्त किरणांचा शोधही थर्मामीटरनेच लागला, हे डॉक्टर मंडळींना आवडेल. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पाडून वेगवेगळ्या रंगांत थर्मामीटर ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच उजेड दिसत नव्हता, तिथला पारा सर्वांत वर चढला. या हर्शेल घराण्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी विल्यम यांचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, वर्णपटमापक घेऊन पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात मुक्कामाला आला होता. सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, हे त्या दिवशी ठिकठिकाणच्या निरीक्षकांना कळले ते वर्णपटातल्या तेजस्वी रेषांवरून. आजोबांनी किरण शोधले, नातवाने रेषा पाहिल्या. अवरक्तातल्या रेषा वाचण्याएवढी उपकरणे मात्र आणखी शंभर वर्षांनी आली.

रेषा कशाच्या? प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश सोडते. निऑनचे उदाहरण घेऊ, कारण या तपासणीत निऑनइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. जाहिरातींच्या नळ्यांत असतो तोच हा वायू. निऑनच्या अणूतला पहिला इलेक्ट्रॉन उडवायला २१.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तरुण, जडशीळ, तीस-चाळीस हजार अंश तापमानाचे तारे हे काम सहज करतात. असा एक इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन १२.८ मायक्रॉनवर चमकतो. चौथा इलेक्ट्रॉन उडवायचा तर ९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. एवढा कडक प्रकाश सामान्य तरुण ताऱ्यांच्या आवाक्याबाहेरचा. तो कृष्णविवराभोवतीच्या तप्त चकतीतून येतो. चार इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन १४.३ मायक्रॉनवर चमकतो. दोन्ही रेषा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, की मधल्या धुळीने त्यांना जवळपास सारखेच मंद केलेले असते. त्यामुळे रेषा किती ठळक यापेक्षा त्यांचे एकमेकींशी प्रमाण किती, हे पाहायचे. पहिलीच रेषा असेल तर ताऱ्यांचा जन्म. दुसरीही ठसठशीत दिसली तर आत कृष्णविवर जेवायला बसले आहे असे समजावे.

या तपासणीची अडचण म्हणजे ती जमिनीवरून नीट करता येत नाही. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्ताचा मोठा भाग अडवतात. शिवाय सगळ्याच उबदार वस्तू स्वतः अवरक्तात चमकतात. ३७ अंशांचे माणसाचे शरीर सर्वाधिक चमकते ते नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास. विमानतळावरचे थर्मल कॅमेरे हीच चमक टिपत होते. दुर्बीणही तशीच चमकणार. तिला गार न करता दूरच्या दीर्घिकेचा अवरक्त प्रकाश मोजणे म्हणजे भर दुपारी काजवा शोधणे.

म्हणून रिपोर्टसाठी बारा वर्षे थांबावे लागले. नोव्हेंबर १९९५ मध्ये युरोपने ‘आयएसओ’ ही अवरक्त वेधशाळा अवकाशात पाठवली. तिच्यावर वर्णपटमापक होते. जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्खिंग इथल्या माक्स प्लांक संस्थेतले राइनहार्ड गेन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्प २२० सारख्या पंधरा तापलेल्या दीर्घिका तपासल्या आणि १९९८ मध्ये निकाल जाहीर केला. ७० ते ८० टक्के दीर्घिकांच्या तापाचे मुख्य कारण ताऱ्यांचा जन्म. उरलेल्या २० ते ३० टक्क्यांत मुख्य कारण कृष्णविवर. काहींना दोन्ही एकदम, जसे एकाच रुग्णाला मलेरिया आणि टायफॉइड दोन्ही निघतात. गंमत अशी, की ज्या गेन्झेल यांनी इथे बहुतेक दोष कृष्णविवराच्या डोक्यावरून काढून ताऱ्यांकडे दिला, त्यांना २०२० चे नोबेल मिळाले ते आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरासाठी.

आर्प २२० ताऱ्यांच्या रकान्यात गेली. तिथे वर्षाला दोनशे सूर्यांच्या आसपास वस्तुमानाचे तारे तयार होतात. आपल्या आकाशगंगेत हा वेग वर्षाला एक-दोन सूर्य एवढाच आहे. तरीही फाइल बंद झाली नाही, आणि ते योग्यच होते. धूळ इतकी दाट असेल की मध्य-अवरक्तही बाहेर पडू शकत नसेल, तर आत लपलेले कृष्णविवर निऑनच्या साक्षीतूनही सुटू शकते. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाहीच, असे कोणताही अनुभवी डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाही. अगदी अलीकडे जेम्स वेब दुर्बिणीने आर्प २२० च्या दोन्ही केंद्रांचा जवळच्या अवरक्तातला वर्णपट घेतला. त्यातही कृष्णविवराच्या जेवणाची ठाम खूण सापडलेली नाही.

निऑनच्या जोडीला दुसरा एक साक्षीदार आहे, आणि तो वैद्यकाच्या ओळखीचा आहे. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी नोंदवले, की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे मूळ काजळीत आहे. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली ठळक नोंद. काजळीतले दोषी पदार्थ म्हणजे बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन. कार्बनच्या षट्कोनी कड्या एकमेकींना चिकटून झालेले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे चपटे रेणू. चुलीच्या धुरात ते असतात, डिझेलच्या धुरात असतात, विडी-सिगारेटमध्ये असतात, निखाऱ्यावर करपलेल्या मांसात असतात. १९७० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञांना तेजोमेघांच्या वर्णपटात ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनवर रुंद उंचवटे दिसू लागले. ते कशाचे हे बरीच वर्षे कोणाला सांगता येईना. १९८० च्या दशकात उत्तर मिळाले, की हे उंचवटे याच कुळातल्या रेणूंचे. अवकाशभर काजळी पसरलेली आहे.

हे रेणू इतके लहान असतात, की तरुण ताऱ्याकडून आलेला अतिनील प्रकाशाचा एकच कण त्यांना क्षणभर हजारभर अंशांपर्यंत तापवतो. मग ते थरथरतात आणि त्या थरथरीच्या ठरावीक तरंगलांबींवर प्रकाश सोडून पुन्हा गार होतात. म्हणून हे उंचवटे ठळक दिसले की आसपास तरुण तारे आहेत असे अनुमान निघते. कृष्णविवराच्या अगदी जवळच्या कडक प्रकाशात मात्र या रेणूंचा निभाव लागणे कठीण. तिथे उंचवटे दबलेले आणि तापलेल्या धुळीची सपाट चमक वरचढ दिसते. ऑगस्ट २००३ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या ‘स्पिट्झर’ दुर्बिणीने आणि तिच्यावरच्या, कॉर्नेल विद्यापीठाच्या जिम हाउक यांच्या पुढाकाराने बनलेल्या वर्णपटमापकाने ही काजळी अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांत मोजली. मे २००९ मध्ये हेलियम संपला तेव्हा तो वर्णपटमापक थांबला. तोपर्यंत काजळीचे उंचवटे ही ताऱ्यांचा जन्मदर मोजण्याची नेहमीची पट्टी झाली होती.

न्यायशास्त्रात अनुमानाचे उदाहरण द्यायचे तर डोंगरावरचा धूर आणि त्यावरून ओळखलेला अग्नी हेच देतात. इथेही तसेच चालले होते: काजळी तिथे जन्म. पण न्यायशास्त्रीच बजावतात, की धूर आणि अग्नी यांची सोबत अटळ आहे की नाही हे आधी तपासा. २०२३ मध्ये जेम्स स्पिल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेब दुर्बिणीतून ‘एसपीटी ०४१८-४७’ ही दीर्घिका पाहिली. तिचा प्रकाश बाराशे कोटी वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आला आहे. वाटेत आडव्या आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो वाकून अंगठीसारखा झाला आणि कित्येक पट उजळला, म्हणून ही तपासणी शक्य झाली. विश्वाच्या प्रसरणामुळे तिथला ३.३ मायक्रॉनचा उंचवटा ताणला जाऊन १७ मायक्रॉनवर पोचला होता, आणि तो स्पष्ट दिसला. विश्व दीडशे कोटी वर्षांचेही नव्हते तेव्हा काजळी तयार होती! पण दीर्घिकेत काजळी एकीकडे दाट आणि ताऱ्यांचा जन्म दुसरीकडे जोरात, असेही दिसले. कुठे धूर आहे पण अग्नी नाही, कुठे अग्नी आहे पण धूर नाही. जड मूलद्रव्ये कमी असलेल्या लहान दीर्घिकांत काजळी मुळातच कमी असते हे आधीपासून माहीत होते. थोडक्यात, एकट्या काजळीवर विसंबून जन्मदाखला देणे धोक्याचे.

२५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, टेनिसच्या मैदानाएवढ्या पाच पदरी छत्रीच्या सावलीत उभी आहे. तिचा आरसा साडेसहा मीटरचा. मध्य-अवरक्तातले उपकरण, ‘मिरी’, एका शीतयंत्राने उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत गार ठेवलेले असते. संपणारा हेलियम नाही, म्हणून ते काही महिन्यांत बंद पडत नाही. वृत्तपत्रांत या दुर्बिणीची रंगीत छायाचित्रे छापून येतात. वर्णपटाचा आलेख कोणी पहिल्या पानावर छापत नाही. तो ईसीजीच्या पट्टीइतकाच रूक्ष दिसतो. पण छातीचा फोटो कितीही सुंदर आला तरी त्यावरून साखर किंवा क्रिएटिनिन कळत नाही. आधीच्या दुर्बिणींना अख्ख्या दीर्घिकेचा मिळून एकच रिपोर्ट मिळायचा. ‘मिरी’ दीर्घिकेतल्या एकेका ठिपक्याचा वेगळा वर्णपट घेते.

याचा फायदा ‘एनजीसी ७४६९’ या, सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत दिसला. तिच्या मध्यभागी सक्रिय कृष्णविवर आहे आणि त्याभोवती नव्या ताऱ्यांचे कडे आहे. जुन्या दुर्बिणींत दोन्हींचा प्रकाश एकमेकांत कालवला जायचा. वेबने ते सुटे करून दाखवले: चार इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन मध्यभागी आणि तिथून वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूत, एक इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन आणि काजळीचे उंचवटे प्रामुख्याने कड्यात. मलेरिया कुठे आणि टायफॉइड कुठे, हे एकाच रुग्णात बोट ठेवून सांगता आले.

अतिदूरच्या दीर्घिकांत आणखी एक सोय होते. हायड्रोजनची ०.६५६ मायक्रॉनवरची तांबडी रेषा ही ताऱ्यांच्या जन्माची जुनी, खात्रीची खूण. ज्या ताऱ्यांमुळे ती उजळते ते साधारण कोटीभर वर्षांत संपतात, म्हणून ती दिसली की जन्म नुकताच झालेला. विश्व शंभर कोटी वर्षांचे असतानाच्या दीर्घिकेची ही रेषा ताणली जाऊन साडेचार मायक्रॉनच्या आसपास येते आणि वेबवरच्या ‘निरस्पेक’ या उपकरणाच्या टप्प्यात बसते. त्यात केसाएवढ्या रुंदीच्या सुमारे अडीच लाख खिडक्या आहेत. हव्या त्याच उघडून शंभरावर दीर्घिकांचे वर्णपट एकदम घेता येतात. सरकारी रुग्णालयातल्या सोमवारच्या ओपीडीला हेवा वाटावा असा वेग. याच उपकरणाला विश्व सत्तर कोटी वर्षांचे असतानाची एक लहानशी दीर्घिका सापडली, जिच्या वर्णपटात तारे तरुण दिसतात पण जन्माची एकही तेजस्वी रेषा नाही. पाळणा एक-दोन कोटी वर्षांपूर्वीच थांबलेला. तो कायमचा थांबला की दोन वेणांच्या मधली उसंत होती, यावर चर्चा चालू आहे.

आणि १९८३ चा प्रश्न नव्या वेशात परत आला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वेबच्या छायाचित्रांतून सहा लालसर दीर्घिकांचा तपशील प्रसिद्ध झाला. विश्व अवघे पन्नास ते सत्तर कोटी वर्षांचे असताना त्यांत इतके तारे कसे, हा हिशेब जुळेना. काही मथळ्यांनी तर विश्वरचनाशास्त्रच मोडीत काढले. मग वर्णपट आले. सहांपैकी एकीत हायड्रोजनची रेषा चांगलीच रुंद निघाली, म्हणजे तिथला वायू सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गरगरत होता. एवढा वेग ताऱ्यांच्या पाळणाघरात नसतो, कृष्णविवराशेजारी असतो. शिवाय ती दीर्घिका अंदाजापेक्षा बरीच जवळची निघाली. अशा ‘लहान लाल ठिपक्यां’ची संख्या आता शेकड्यांत आहे. बहुतेकांत कृष्णविवराची खूण दिसते, पण कृष्णविवराकडून अपेक्षित असलेले क्ष-किरण फारसे दिसत नाहीत. तापाचे कारण पुन्हा एकदा दोन रकान्यांत अडकलेले आहे.

या शोधात मुंबईचाही वाटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण बांधली आणि ती हैदराबादच्या आपल्या केंद्रातून भल्यामोठ्या फुग्याला टांगून तीस किलोमीटरहून उंच, जवळजवळ सगळी वाफ खाली ठेवून, पाठवली. जपानी शास्त्रज्ञांच्या वर्णपटमापकासह तिने आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या जन्मभूमींत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा टिपली. ही रेषा म्हणजे वायूचा घाम म्हणायला हरकत नाही: ती सोडून वायू गार होतो, आणि गार झाला तरच त्यातून तारे होतात. साडेतीन मीटर आरशाच्या युरोपीय ‘हर्शेल’ दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात हीच रेषा अनेक दीर्घिकांत मोजली. आर्प २२० सारख्या सर्वाधिक तापलेल्या दीर्घिकांत हा घाम तापाच्या मानाने कमी दिसतो, हे कोडे आयएसओपासून चालत आलेले आहे.

पुण्यातून आलेली बातमी ताजी आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या छायाचित्रांत दोन सुबक भुजा असलेली एक सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला ‘अलकनंदा’ हे नाव दिले. विश्व दीडशे कोटी वर्षांचे असताना इतकी नेटकी दीर्घिका असावी, हे अनपेक्षित होते. तिच्यात वर्षाला साठ सूर्यांइतके तारे जन्मत असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. तो निघाला आहे वीसेक वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून. तिच्या चकतीतला वायू शांतपणे एका दिशेने फिरतो आहे की उसळलेला आहे, आणि साठ हा आकडा टिकतो की नाही, हे तिचा सविस्तर वर्णपट हाती येईल तेव्हा कळेल.